आधी कॅसेटची वंशावळ विचारा

मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्या मामांच्या माळ्यावर चाळीसेक कॅसेट सापडल्या आहेत. त्यांच्यावर बॉलपेनने 'झेपलिन, एल.ए. फोरम, ७७', 'फ्लॉइड ७५', 'पर्पल, जपान' असं काहीबाही लिहिलंय. म्हणजे लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल या परदेशी रॉक बँडच्या कार्यक्रमांची, बहुधा प्रेक्षकांतून चोरून केलेली रेकॉर्डिंग; अशा टेप गोळा करणं हा माझा जुना छंद. भाच्याने मला विचारलंय की याला काही मोल आहे का, या ऐकण्याजोग्या कशा करायच्या आणि हा नाद पुढे वाढवायचा असेल तर सुरुवात कुठून करायची. सोबत सगळ्या कॅसेटची यादीही पाठवली आहे. तिच्यातल्या शेवटच्या ओळीबद्दल मला बोलायचंय, पण ते शेवटी.

आधी एक करा: कुठलीही कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. घातली असेल तर बाहेर काढा.

कारण बुरशी. मुंबई-ठाण्याच्या हवेत वीस-तीस पावसाळे काढलेली कॅसेट बाहेरून ठणठणीत दिसते. मोबाइलचा टॉर्च तिच्या खिडकीतून तिरपा मारा. टेपच्या गुंडाळीची कड तपकिरी, एकसारखी, गुळगुळीत दिसली पाहिजे. तिथे पांढरे ठिपके, पिठासारखी पूड किंवा कोळिष्टकासारखं जाळं दिसलं, तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत टाका. ती वाजवलीत तर बुरशी डेकच्या हेडवर आणि रबरी रोलरवर चढते आणि पुढच्या निरोगी कॅसेटलाही लागते. एका पावसाळ्यात मी आळस केला आणि एकीपायी सहा कॅसेट खराब केल्या. त्यांतली एक माझीही नव्हती, मित्राच्या वडिलांची होती.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. कॅसेटच्या पुढच्या उघड्या बाजूला, मधोमध, तांबूस पट्टीवर फेल्टचा एक चिमुकला तुकडा चिकटवलेला असतो. टेप हेडवर दाबून धरणं एवढंच त्याचं काम. जुना गोंद वाळला की तो गळून पडतो, आणि मग आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, मध्येच चढतो, मध्येच उतरतो. लोक म्हणतात टेप गेली. गेलेला असतो फक्त तो फेल्ट. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर ती उघडून टेपच्या दोन्ही चकत्या चांगल्या, रिकाम्या कवचात बसवायच्या. कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल, तर ते सांध्यावर जपून फोडावं लागतं. पहिल्यांदा हे एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करून बघा. चकती हातातून सुटली की काय होतं, ते मी सांगायला नको.

आता मोलाचं. पैशात म्हणाल तर शून्याच्या आसपास, आणि ते बरंच आहे. पण 'झेपलिन, एल.ए. फोरम, ७७' हे शब्द वाचून माझे कान टवकारले, हे कबूल करतो.

जून १९७७ मध्ये लेड झेपलिनने लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये सहा रात्री कार्यक्रम केले. २१ जूनच्या पहिल्या रात्री प्रेक्षकांत माइक मिलार्ड नावाचा तरुण व्हीलचेअरवर बसला होता. चालायला त्याला काहीही अडचण नव्हती. खुर्ची होती ती नाकामिची ५५० हा जड रेकॉर्डर दारातून आत न्यायला. एकेजीचे दोन मायक्रोफोन आणि त्याचे स्वतःचे अतिशय तयार कान यांच्या जोरावर त्याने जे टेपवर उतरवलं, ते आजही ऑडियन्स रेकॉर्डिंगचा, म्हणजे प्रेक्षकांत बसून केलेल्या रेकॉर्डिंगचा, मानदंड मानलं जातं. मिलार्ड १९९४ मध्ये गेला. जाण्याआधी त्याने आपल्या मास्टर टेप, म्हणजे कार्यक्रमात थेट भरलेल्या मूळ टेप, नष्ट केल्या अशी आवई पुढे कित्येक वर्षं फिरत होती. ती खोटी निघाली. २०२० पासून थेट त्याच्या मास्टर कॅसेटवरून केलेल्या प्रती बाहेर येऊ लागल्या आणि आमच्यासारख्यांनी तीस वर्षं जपलेल्या प्रती एका रात्रीत पणजोबा झाल्या.

मामांची कॅसेट त्याच रात्रीची असली, तरी ती बहुधा नकलेची नक्कल, तिची नक्कल असणार. सिंगापूरच्या नाहीतर आखातातल्या बंदरात कुणा सहकाऱ्याकडून उतरवून घेतलेली. दर नकलेला हिस (टेपची सळसळ) वाढतो, झांजांची चमक उतरते आणि वेगात थोडीशी चूक मिसळते. म्हणून आमच्यात 'आवाज कसा आहे?' याच्या आधी 'कुठून आली?' हे विचारतात. मास्टर कुणाची, कोणत्या मायक्रोफोनवर, मधे किती नकला, कोणत्या डेकवर, संगणकावर कशी आणली, ही सगळी साखळी म्हणजे लिनिएज. मी तिला वंशावळ म्हणतो. वंशावळ नसलेली उत्तम टेप आणि वंशावळ असलेली मध्यम टेप यांत मी नेहमी दुसरी उचलतो, कारण तिची चूक कुठे शिरली हे शोधता येतं. म्हणून आजच मामांना फोन लावा. कॅसेट कुणी दिली, साधारण कुठल्या साली, कुठल्या बंदरात, मशीन कोणतं होतं, ते जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. टेप अजून दहा वर्षं टिकेल. माणसाच्या आठवणीचं तसं नाही.

कॅसेटवर लिहिलेलं मात्र खरं धरू नका. या छंदातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बॉब डिलनचं. १९६६ चा त्याचा एक कार्यक्रम वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा म्हणून चोरट्या रेकॉर्डवर विकला गेला. ज्यात प्रेक्षकांतून 'जूडास!' अशी आरोळी येते, तो हाच. प्रत्यक्षात तो १७ मेचा, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला. १९९८ मध्ये तो अधिकृतपणे निघाला, तेव्हा कंपनीने 'रॉयल अल्बर्ट हॉल' हे नाव अवतरणचिन्हांत घालून तसंच ठेवलं! चूक इतकी रुळली होती.

मग ओळखायचं कसं? टेप कुठे तुटते ते बघा. सी-९० कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि झेपलिनचा ७७ चा कार्यक्रम तीन तासांहून मोठा. म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्याला अंधारात चार-पाच वेळा बाजू उलटावी किंवा कॅसेट बदलावी लागायची. दर वेळी काही सेकंद गळतात, आणि ते नेमके कोणत्या गाण्याच्या कोणत्या ओळीवर गळाले, हा त्या रेकॉर्डिंगचा अंगठ्याचा ठसा असतो. एकाच रात्री तिघांनी टेप केलं असेल, तर तिघांचे तुटण्याचे बिंदू वेगळे. त्यात भर आजूबाजूच्या माणसांची: कुणी खोकतो, कुणी 'बस खाली!' म्हणून ओरडतो, कुणी मैत्रिणीला गाण्याचं नाव सांगतो आणि चुकीचं सांगतो. नक्कल करताना कॅसेट लांबीला पुरली नाही तर आणखी एक तुटका बिंदू तयार होतो, तो या मूळ बिंदूंत मिसळू देऊ नका. मूळ तुटीनंतर हॉलचा आवाज थोडा बदललेला असतो, कारण हात हलल्याने मायक्रोफोनही हलतो. नकलेच्या तुटीनंतर तो तसाच राहतो.

तुम्ही आडून विचारलंय की अधिकृत लाइव्ह अल्बम असताना हे खोकल्या-शिट्ट्यांचं कशाला ऐकायचं. 'फ्लॉइड ७५' घ्या.

पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' मार्च १९७३ मध्ये निघाला. पण ती सगळी रचना त्यांनी २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनमध्ये वाजवायला घेतली होती (यंत्रणा बिघडल्याने त्या रात्री ती अर्ध्यावर सोडावी लागली), आणि फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये चार रात्री पूर्ण सादर केली. म्हणजे अल्बम येण्याआधी वर्षभर प्रेक्षक ती ऐकत होते. त्या रेकॉर्डिंगमध्ये पुढे सिंथेसायझरच्या घरघरीचा झालेला तुकडा अजून गिटार आणि कीबोर्डची सवाल-जवाबी आहे. जिथे अल्बममध्ये एका बाईचा तो अंगावर काटा आणणारा आलाप येतो, तिथे ऑर्गन वाजतोय आणि टेपवरून धार्मिक वचनं ऐकू येतात. तो आलाप अजून कुणाला सुचलेलाच नाही. एवढी मोठी रचना आकार घेताना ऐकायची, तर कुणीतरी कोटाखाली रेकॉर्डर दडवून आत गेला होता म्हणूनच. रेनबोच्या एका रात्रीची चोरटी रेकॉर्ड तर अल्बमच्या आधीच बाजारात येऊन भरपूर खपली.

७५ चं तसंच. २६ एप्रिल १९७५, लॉस एंजेलिस स्पोर्ट्स अरेना, आणि पुन्हा मिलार्ड. त्यात 'रेव्हिंग अँड ड्रूलिंग' आणि 'यू हॅव गॉट टू बी क्रेझी' अशी दोन गाणी आहेत. दोन वर्षांनी ती बदललेल्या शब्दांनी आणि नव्या नावांनी अल्बमवर आली. ही टेप अर्धशतक चोरटा माल म्हणून फिरली आणि २०२५ मध्ये 'विश यू वेअर हिअर'च्या पन्नाशीच्या संचात खुद्द बँडने ती स्वच्छ करून समाविष्ट केली. मामांची 'फ्लॉइड ७५' हीच असेल तर तिची नक्कल वाटत बसू नका. अधिकृत निघालं की आपण थांबायचं, हा आमच्यातला जुना नियम आहे, आणि तो मला पटतो.

ज्यांनी आपल्याकडच्या खासगी मैफलींची स्पूलं ऐकली आहेत, त्यांना ही गोडी समजावून सांगावी लागत नाही. तंबोरा थोडा लांब, कपबशीचा आवाज जवळ, आणि सम गाठल्यावर कुणीतरी नकळत सोडलेलं 'हाय!'. स्टुडिओत ते मिळत नाही.

साउंडबोर्डचंही कौतुक जरा बेतानेच करा. नवे लोक 'साउंडबोर्ड' हा शब्द ऐकला की आ वासतात. बोर्ड म्हणजे स्टेजवरचे सगळे आवाज मिसळणारं टेबल, आणि बोर्डावरची टेप म्हणजे त्यातून हॉलच्या स्पीकरकडे जे पाठवलं, ते. गिटारचा अँप्लिफायर स्टेजवरच कान फाडत असेल, तर बोर्डावर गिटार कमी ठेवतात, मग टेपवर गाणाऱ्याचा आवाज नाकासमोर आणि गिटार शेजारच्या खोलीत. ७७ च्या झेपलिनचे बोर्ड मला कोरड्या तालमीसारखे वाटतात. त्यांच्या ड्रमरचा, बॉनहॅमचा, ढोल फोरमच्या छतापर्यंत जाऊन परत येतो, तो ऐकायचा तर मिलार्डच्या खुर्चीतूनच.

आता काम. डेक चांगला, सर्व्हिस केलेला घ्या. यूएसबीची दीड-दोन हजारांची खेळणी या कामाची नव्हेत. हेड स्पिरिटने पुसा. कॅसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या, म्हणजे टेप सैल-घट्ट झालेली असेल तर सारखी होते. मग अ‍ॅझिमथ. म्हणजे टेपशी हेडचा कोन. हेडच्या शेजारी तो बदलणारा एक बारीक स्क्रू असतो. आवाज मोनो करा, झांजांचा भाग लावा आणि स्क्रू केसाएवढा इकडे-तिकडे फिरवा. एका जागी झांज अशी उघडते की जणू कानावरचा पडदा सरकला. तिथे थांबा. हे दर कॅसेटला, दर बाजूला नव्याने करायचं, कारण प्रत्येक नक्कल वेगळ्या मशीनवर झालेली. ज्यांना हे कळत नाही ते पुढे तासन् तास इक्वलायझर फिरवतात.

डॉल्बी (डेकवरची हिस दाबणारी सोय) बंद ठेवूनच आधी संगणकावर घ्या. २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. पातळी सगळ्यात मोठ्या टाळीलाही शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील अशी. आणि ही कच्ची फाइल कधीही पुसायची नाही. २००४ साली नवीनच मिळालेल्या सॉफ्टवेअरच्या कौतुकात मी एका टेपचा हिस काढून टाकला, कच्ची फाइल जागा खाते म्हणून उडवली आणि टेप मालकाला परत केली. आज ती 'स्वच्छ' प्रत ऐकतो तेव्हा झांजा विहिरीच्या तळाशी वाजल्यासारख्या वाटतात. मालकाने दरम्यान घर बदललं, टेप रद्दीत गेली. हिस कानाला पाच मिनिटांत सवयीचा होतो. काढलेली झांज परत येत नाही.

वेग हा एकच बदल मी करतो, तोही वेगळ्या प्रतीवर. जुन्या कॅसेट हमखास भरभर किंवा रेंगाळत चालतात. तीन टक्के फरक म्हणजे पाव सूर, गायक लगेच पोरगेला नाहीतर थकलेला वाटू लागतो. गिटारच्या सुरावर भरवसा ठेवू नका, बँड कधी अर्धा सूर उतरवूनही वाजवतात. त्यापेक्षा गाण्यांमधल्या शांततेत अँप्लिफायरची गुणगुण शोधा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. टेपवर ती गुणगुण ६१.८ ला दिसली, तर टेप तीन टक्के पुढे धावतेय. हॅमंड ऑर्गन असेल तर आणखी उत्तम. त्याची चाकं विजेच्या वारंवारितेशी बांधलेल्या मोटरवर फिरतात, म्हणून त्याचा सूर सहसा ढळत नाही. 'पर्पल'च्या कॅसेटवर त्यांचा ऑर्गनवाला जॉन लॉर्ड याला धरून चाला.

यात एक गंमत आहे. संगणकावरच्या वारंवारितेच्या आलेखात ६० च्या आसपास एक रेघ आणि ५० च्या आसपास दुसरी दिसली, तर घाबरू नका. पहिली अमेरिकेतल्या हॉलची, दुसरी नंतर ५० हर्ट्झच्या देशात, कदाचित मामांच्याच घरी, नक्कल करताना शिरलेली. टेप स्वतःच आपली वंशावळ सांगतेय.

जतन फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारा फाइलचा प्रकार) करा, एमपी३ मध्ये नाही. कुणाकडून काही घेतलंत तर आवाजाचा वर्णपट संगणकावर उघडून बघा. एमपी३ वरून फुगवलेल्या फाइलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर पट्टीने आखल्यासारखा कट दिसतो. जुनी कॅसेटही तेवढ्या उंचीपर्यंत क्वचितच पोचते, पण ती हळूहळू विरते, कापल्यासारखी थांबत नाही. एका पाकिटातून आलेल्या अशाच बनावट सीडी मी न तपासता चार जणांना पुढे पाठवल्या होत्या आणि नंतर चौघांना पत्र लिहून माफी मागितली होती. प्रत्येक फोल्डरमध्ये वंशावळीची टेक्स्ट फाइल आणि चेकसम (फाइल बिघडली का ते सांगणारा आकडा) ठेवा. सीडी-आरवर विसंबू नका, माझ्या कित्येक वाचेनाशा झाल्या. दोन हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

सुरुवात कुठून? ग्रेटफुल डेडपासून. त्यांचं संगीत तुम्हाला आवडो न आवडो. या बँडने प्रेक्षकांना टेप करू दिलं, ऑक्टोबर १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली, आणि अट एकच, विकायचं नाही. त्यांच्या हजारो रेकॉर्डिंग इंटरनेट अर्काइव्हवर वंशावळीसकट आहेत. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल ही रात्र निवडा. बँडची ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन हिची बोर्डावरची टेप आणि त्याच रात्रीची ऑडियन्स टेप आलटून-पालटून ऐका. एका आठवड्यात कान असे तयार होतील की माझं हे सगळं लांबण तुम्हाला उघड वाटू लागेल.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क आला, त्यामुळे स्वतःच्या खासगी वापरासारखे अपवाद सोडले तर परवानगीविना कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणं हा त्याचा भंग आहे. झेपलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट तर इतका भडक होता, की १९७१ मध्ये व्हँकूव्हरला आवाजाची पातळी मोजायला आलेल्या माणसाचं यंत्र त्याने रेकॉर्डर समजून फोडलं होतं. ज्यांनी मोकळीक दिली त्यांचं घ्या, आणि पैशाला स्पर्श करू नका.

आता तुमच्या यादीची शेवटची ओळ: 'एका कॅसेटवर फक्त "रंगभवन, रविवार" लिहिलंय, ती बहुधा कुठल्यातरी ऑर्केस्ट्राची, म्हणून बाजूला काढली.'

ती बाजूला काढू नका. धोबीतलावचं रंगभवन म्हणजे मुंबईच्या रॉकचं अंगण होतं. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव वर्षानुवर्षं तिथेच भरायचा, आणि पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे ते उघडं नाट्यगृह गाण्यांना बंद झालं. त्या काळी तिथे वाजवलेल्या कितीतरी बँडनी कधी अल्बमच काढला नाही. मामा बोटीवरून रजेवर आले असतील, हातात परदेशातून आणलेला टू-इन-वन असेल, आणि त्यांनी तो मांडीवर ठेवून बटण दाबलं असेल. तसं असेल, तर तुमच्या चाळीस कॅसेटमधली हीच एक मास्टर आहे. बाकी सगळ्यांची याहून बरी प्रत जगात कुठे ना कुठे आहे.

तिच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतील, ते आत्ताच मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. मग बाकीच्या दहा कॅसेट उतरवून हात बसू दे. रेकॉर्ड करताना टू-इन-वन टाळ्या आल्या की पातळी आपोआप खाली ओढतो आणि मग हळूहळू सोडतो, तेव्हा आवाज फुगल्यासारखा-बसल्यासारखा वाटेल. तो टेपचा दोष समजू नका आणि दुरुस्तही करू नका. मामांना शेजारी बसवा, पहिलं गाणं लावा आणि विचारा, कोण वाजवतंय, कुठला रविवार, आणि ते कितव्या रांगेत बसले होते.